नाकाबंदीतली ती धडक

प्रियदर्शनी चांदूर रेल्वेची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ती अमरावतीच्या एका लहानशा अभ्यास संस्थेत लागली. तिच्याकडे एकच काम होतं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ड्युटीवरच्या पोलिसांवर झालेले हल्ले कुणालाही शोधता यावेत, असं एक पान संगणकावर तयार करायचं. वर्ष निवडायचं, ठाणं निवडायचं, की आकडा समोर.

ऐकायला सोपं वाटलेलं ते काम आठ महिने पुरलं. जुलै २०२४ मध्ये कायदा बदलला, कलमांचे नंबर बदलले, आणि पहिल्या आलेखात त्या महिन्यापासून हल्ले एकदम शून्यावर आले. सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं जुनं कलम तीनशे त्रेपन्न आता एकशे बत्तीस झालंय, हे संगणकाला शिकवावं लागलं. शिवाय त्या कलमात तलाठी, एस.टी.चे कंडक्टर असे सगळेच सरकारी नोकर यायचे. प्रियदर्शनीनं एकेक फिर्याद वाचून त्यातले पोलीस वेगळे काढले.

पान तपासून घ्यायला संस्थेनं काही निवृत्त पोलिसांना बोलावलं. त्यात अकोल्याचे खुशालराव होते. हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उजव्या पायानं लंगडत चालणारे. खुर्चीत नीट बसून, चष्मा लावून त्यांनी आपलं जुनं ठाणं निवडलं, २०११ साल निवडलं. पडद्यावर आलं, ‘एकही नोंद नाही.’ त्यांनी पुन्हा निवडलं. पुन्हा तेच.

“मॅडम, मले टेम्पोनं उडवलं, थे कुठं हाय यात?” त्यांनी विचारलं.

प्रियदर्शनीनं शोधलं. घटना अपघात म्हणून नोंदलेली होती. भरधाव वाहन, पोलीस जखमी, एवढंच. खुशालराव सांगत गेले. नाकाबंदीत त्यांनी हात दाखवला होता, टेम्पोवाल्यानं आधी वेग कमी केला, त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी अंगावर घातली. पाय तीन ठिकाणी मोडला. ते दवाखान्यात बेशुद्ध असताना दुसऱ्याच कुणी फिर्याद लिहून दिली. पुढं नातेवाईकही म्हणायचे, की रस्त्याच्या मधोमध उभं कशाला राहायचं.

“मी काई रस्त्यात झोपलो नव्हतो,” ते म्हणाले. मग उठून पाणी प्यायले.

प्रियदर्शनी त्या रात्री गाडीनं घरी जाताना विचार करत राहिली. एका माणसाच्या सांगण्यावरून आकडा बदलला, तर पानावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि नाही बदलला, तर आकडा खरा म्हणता येणार नाही. सकाळी तिनं संस्थेच्या प्रमुख माधवीताईंना हे सांगितलं. पान द्यायला तीन आठवडे उरले होते, त्यामुळे त्या सुरुवातीला नको म्हणाल्या. मग त्यांनी अपघाताच्या कागदांना हात लावायची परवानगी दिली, पण एका अटीवर: लेखी साक्ष असेल तरच.

प्रियदर्शनी अकोल्याला गेली. खुशालरावांच्या खटल्याच्या कागदांत एका पानटपरीवाल्याचा जबाब होता. टेम्पोवाल्यानं पोलिसाला पाहून गाडी त्याच्या अंगावर वळवली, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. तो जबाब चौदा वर्षं तिथंच पडून होता. मग तिनं दोन्ही जिल्ह्यांतले, ड्युटीवरचा पोलीस जखमी झाल्याचे सगळे अपघात वाचले. अशी सतरा प्रकरणं निघाली. त्यांतल्या आठांत वळू, निसरडा रस्ता, ब्रेक फेल, असं काहीबाही होतं. उरलेल्या नऊ प्रकरणांत पोलिसाच्या अंगावर मुद्दाम गाडी घातल्याची लेखी साक्ष होती. तिनं ती नऊ प्रकरणं हल्ल्यांच्या आकड्यात मिसळली नाहीत. त्यांच्यासाठी शेजारी वेगळा रकाना केला: ‘तपासणीच्या वेळी वाहन अंगावर घातलं.’ खाली कारणही लिहून ठेवलं.

माधवीताईंनी तो रकाना दोनदा वाचला आणि हे राहू दे म्हणाल्या. पान मुदतीत गेलं.

खुशालराव पुन्हा आले ते पत्नीला, पार्वताबाईंना घेऊन. प्रियदर्शनीनं २०११ निवडून दिलं. नव्या रकान्यात एक हा आकडा होता. पार्वताबाईंनी तो आपला कसा, नाव तर कुठं नाही, असं विचारलं. नावं मुद्दामच ठेवली नाहीत, हे प्रियदर्शनीनं समजावलं.

“नाव नसलं तरी चालते,” खुशालराव म्हणाले. “बाकीचे आठ कुठले हायेत, बेटा?”

तिनं दाखवलं. त्यांतलं एक वरूडचं होतं, २०१९ मधलं, जखमी महिला शिपाई. खुशालरावांनी जुन्या ओळखीच्या एका जमादाराला तिथूनच फोन लावला, आणि ती बाई अजून त्याच ठाण्यात नोकरीवर आहे, हे पाच मिनिटांत कळलं.

पुढच्या रविवारी दोघं नवरा-बायको वरूडला गेले. त्या बाईच्या ओसरीवर ते दुपारभर बसले, जेवले. पार्वताबाईंनी सोमवारी प्रियदर्शनीला फोन करून सांगितलं, की नाकाबंदीची ती गोष्ट यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगितली, आणि रस्त्याच्या मधोमध उभे कशाला राहिलात, असं त्या बाईनं एकदाही विचारलं नाही.