नाव नसलेला कागद

धारवाडच्या कोर्टात, नकला देण्याच्या खात्यात विठ्ठलराव एकतीस वर्षं बसले. त्या एकतीस वर्षांत त्यांनी एवढे कागद पाहिले, की रेकॉर्डाच्या खोलीतली वाळवीसुद्धा त्यांना विचारूनच पान खायला घेई, असं लोक सांगत. मृत्युपत्र, दत्तकपत्र, काडीमोड... कुठल्या घरात काय झाकलंय, हे त्या घरच्यांच्या आधी विठ्ठलरावांना ठाऊक. निवृत्तीला साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. ती खोली मात्र बांधून देता आली नाही. माणूस चार महिने घरात बसला आणि बायकोच्या डब्यांची झाकणं उघडून बघू लागला.

"अहो, डाळीच्या डब्यात डाळच आहे," गोदूबाई म्हणाल्या. "नक्कल हवीय का तिची? बाहेर तरी जाऊन या कुठं!"

तेव्हापासून ते रोज सकाळी बाहेर पडत. घरी सांगत, वाचनालयात जातो. जात मात्र सटवाजीच्या चहाच्या गाड्यावर.

हे दोन हजार तीन सालचं. एका सरकारी दवाखान्याच्या मागल्या अंगाला, रस्त्यालगत, एक नवी खोली उघडली होती. कानडी पाटीवर लिहिलं होतं की इथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. आत उत्तरा नावाची समजावणारी बाई बसे. आलेल्या माणसाला ती एक आकडा देई. रक्ताच्या नळीवर तो आकडा, वहीत तो आकडा, निकालाच्या कागदावरही तोच. दुसऱ्या दिवशी अकरा ते एकच्या दरम्यान आकडा घेऊन यायचं, दार लावून ती निकाल सांगायची. बंदोबस्त असा, की खुद्द चित्रगुप्त वही उघडून दारात उभा राहता तर बाईनं त्यालाही आकडा देऊन बाकावर बसवलं असतं.

पण दारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे सटवाजीचा गाडा, आणि गाड्याशेजारच्या बाकावर विठ्ठलराव. नाव नसलेला कागद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचा जीव कासावीस झाला. अन्न गोड लागेना. तीन आठवडे ते नुसते त्या बंद दाराकडे बघत बसले, आणि चौथ्या आठवड्यात त्यांना किल्ली सापडली.

"मुकुंदराव," शेजारी बसलेल्या दोस्ताच्या मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "दार बोलतंय हो!"

मुकुंदराव म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर. शिवाय सोयरिकी जुळवणारे. विठ्ठलरावांच्या लेकीसाठी, शाळेत शिकवणाऱ्या वेदश्रीसाठी, केशवापूरचं स्थळ, बँकेतला श्रीनिधी, त्यांनीच आणलं होतं. सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न होतं.

"काय बोलतंय दार?"

"निकाल चांगला असला की माणूस पाच-सात मिनिटांत बाहेर. वाईट असला की बाई त्याला बसवून घेते. पाणी देते, धीर देते, औषधाचं सांगते, घरच्यांचं विचारते. अर्धा तास कुठं जात नाही. आता हा टोपीवाला आत गेलाय ना? बघा हं."

टोपीवाला सहाव्या मिनिटाला बाहेर आला. "सुटला!" विठ्ठलराव म्हणाले. त्याच्यामागून आत गेलेली बाई एकतिसाव्या मिनिटाला आली, पदर तोंडाशी धरून. "गेली," विठ्ठलराव म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

झालं! आठवडाभरात अकराच्या चहाला बाकावर जागा मिळेना. कोर्टातले कारकून येत, रिकामे वकील येत. सटवाजीनं दूध तिप्पट घ्यायला सुरुवात केली आणि विठ्ठलरावांसाठी बाकाचा कोपरा पुसून ठेवू लागला. एकदा म्हणे सहा मिनिटांत सुटलेल्या एका अळणावरच्या माणसाला बाकावरून "शाब्बास!" अशी आरोळी गेली. तो बिचारा चपला तिथंच टाकून जो पळाला, तो अळणावर मागं टाकून लोंढ्याला जाऊन थांबला. या गोष्टीला सटवाजी साक्षीला चपला दाखवत असे. आता त्या चपला त्याच्या स्वतःच्या पायाला बरोबर बसायच्या, ही गोष्ट निराळी.

हसण्यावारी न्यायच्या गोष्टी तिथं संपतात. बाजारातला एक शिंपी पस्तीस मिनिटांनी बाहेर आला. त्या आठवड्यानंतर त्याच्याकडे माप द्यायला कुणी गेलं नाही, आणि पुढच्या महिन्यात दुकानाला कुलूप दिसलं. विठ्ठलरावांनी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. ते फक्त "पस्तीस" म्हणाले होते.

संक्रांत झाली आणि दाराचं काहीतरी बिनसलं. जो आत जाई तो सव्वीस मिनिटांशिवाय बाहेर येईना. पहिल्या दिवशी चार गेले, चारही सव्वीस. दुसऱ्या दिवशी सहा. वीस दिवसांत एकजणही लवकर सुटला नाही.

"अण्णा, असं कसं होईल?" सटवाजी म्हणाला. "काल त्या म्हाताऱ्याला काठी टेकत आणला होता. त्यालाही सव्वीस?"

"जन्मल्यापासून काठी टेकत होता काय तो?" विठ्ठलराव म्हणाले. "धारवाड संपलं, सटवाजी. हिशेबच करायचा झाला तर पुढल्या दिवाळीला आकाशकंदील लावायला माणूस उरत नाही."

बाकावर चुकचुकाट झाला. विठ्ठलरावांच्या डोक्यात जगातल्या सगळ्या शक्यता येऊन गेल्या: पाणी बिघडलं, रक्त बिघडलं, कलियुग आलं. दारामागची बाईही घड्याळ बघू शकते, एवढी एक मात्र आली नाही.

माघातला गुरुवार होता. सव्वाअकराला एक मुलगी आत गेली. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तशी ओढणी तोंडाभोवती बांधलेली, नुसते डोळे उघडे, अंगात ढगळ स्वेटर. विठ्ठलरावांनी घड्याळ पाहिलं. ते घड्याळच बघायचे. माणसाकडे बघायची त्यांना गरज पडत नसे.

दार उघडलं तेव्हा बाकावर सातजण होते.

"सव्वीस," विठ्ठलराव म्हणाले, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. "ही पण गेली. वय लग्नाचं दिसतंय. आता हिचा बाप हिला कुणाच्या गळ्यात बांधणार, देव जाणे."

मुलगी पायरीवरच थांबली. बाकाकडे वळून तिनं बघितलं. मग सावकाश, गाठ सोडून, ओढणीचा एकेक वेढा काढला. रस्ता ओलांडून ती समोर येऊन उभी राहिली.

"अप्पा," वेदश्री म्हणाली, "वाचनालय इकडं हललं का?"

मुकुंदराव चहा पिऊ लागले. पेला रिकामा होता.

घरात पाय ठेवल्यावर तिनं सांगितलं ते आईकडे बघून. ती बारावीत असताना हुबळीला तिचं अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं होतं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. त्या वेळी बाटल्यांतलं रक्त कोण नीट तपासत होतं? हल्ली तसल्या रक्तानं लागण झालेल्यांच्या बातम्या तिनं वाचल्या होत्या.

"श्रीनिधीला फसवून लग्नाला उभं राहायचं नव्हतं, म्हणून शाळेतून रजा काढून गेले. त्या बाटल्या कुणी आणल्या होत्या, आई?"

गोदूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बाटल्या विठ्ठलरावांनी आणल्या होत्या, धावतपळत, कुणाचं रक्त म्हणून न विचारता. जन्मात एकदाच त्यांनी नाव विचारलं नव्हतं.

"निकाल चांगला आहे," वेदश्री म्हणाली. "काही नाही मला."

बापानं देवाला हात जोडायचे. विठ्ठलरावांच्या तोंडून आलं ते असं: "मग सव्वीस मिनिटं कशी लागली?"

दुपारीच ते त्या खोलीत जाऊन थडकले. आयुष्यात पहिल्यांदा ते दार त्यांनी आतून पाहिलं. उत्तरा चाळिशीची, बारीक, थकलेली बाई. तिनं त्यांना ओळखलं.

"या. बाकावरचे ना तुम्ही?"

"माझ्या मुलीचा निकाल... नावानिशी कागद हवाय मला. सही-शिक्क्याचा. अर्ज देतो, नकलेची रीत मला ठाऊक आहे."

"इथं कुणाचंच नाव नाही, विठ्ठलराव. कशाची नक्कल देऊ?"

"मग तोंडी सांगा. सव्वीस मिनिटं का बसवलंत तिला?"

"सगळ्यांनाच बसवते. संक्रांतीपासून. निकाल बरा असला तर आधी सांगते आणि मग गप्पा मारत बसते, मुलाबाळांच्या, पाऊसपाण्याच्या. तुमच्या घड्याळापायी करावं लागलं हे."

विठ्ठलरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे ती बरी आहे!"

"ते मी म्हटलं नाही."

"म्हणजे बरी नाही?"

"तेही म्हटलं नाही. तिनं काय सांगितलं?"

"चांगला आहे म्हणते."

"मग झालं की."

"पण पुरावा?"

उत्तरानं कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट केलं. "डिसेंबरात एक बाई रक्त देऊन गेली होती. पोटुशी. दुसऱ्या दिवशी निकालाला आली, तुमचा बाक बघितला आणि कोपऱ्यावरूनच परत फिरली. मी खिडकीतून बघत होते. तिचा निकाल अजून त्या कपाटात पडलाय. औषध दिलं असतं तर पोर वाचलं असतं कदाचित. कुठं शोधू तिला? नाव नाही, गाव नाही. तुम्हाला ठाऊक आहे का ती कोण होती? तुम्हाला सगळं ठाऊक असतं म्हणे."

विठ्ठलरावांना आठवेना. त्या बाईनं दार उघडलंच नव्हतं, मग मिनिटं कशाची आणि आठवण कशाची!

तिथून ते तडक मुकुंदरावांकडे गेले. ओसरीवरच म्हणाले, "सगळ्यांना सव्वीस मिनिटं बसवतात हो! बऱ्यालाही तेवढंच, वाईटालाही तेवढंच. आत्ता विचारून आलो."

मुकुंदरावांनी चष्मा पुसला. "बरं झालं."

"तुमचा विश्वास नाही?"

"विठ्ठलराव, परवापर्यंत धारवाड संपलं म्हणून तुम्हीच सांगत होता."

"चुकलो मी."

"एवढ्या लोकांच्या बाबतीत कधी चुकला नाही. नेमके घरच्या पोरीच्या वेळी चुकलात?" त्यांनी आवाज मऊ केला. "मी काही बोलणार नाही कुठं. पण बाकावर सातजण होते."

सातजणांचे सत्तर व्हायला धारवाडला संध्याकाळ पुरते. शुक्रवारी विठ्ठलराव स्वतः बाकावर उभे राहून सांगू लागले की मिनिटांत काही अर्थ नाही, त्या शिंप्याच्या पस्तिसातही नव्हता. लोक माना हलवत होते, कुणाला सरणावर नेताना हलवतात तशा. "होगली बिडरी, रावसाहेब," एक कारकून म्हणाला, "जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका." रविवारी केशवापूरहून निरोप आला: पत्रिका पुन्हा दाखवली, मंगळ निघाला. मुकुंदरावांनी जाता जाता पुस्ती जोडली, की नावानिशी रिपोर्ट असता तर मंगळाचं काहीतरी बघता आलं असतं.

विठ्ठलरावांनी लेकीला बोलावलं. "तो कागद दाखव बघू, वेदा."

तिनं पर्समधून काढून दिला. आकडा तीनशे सतरा, तारीख, शिक्का आणि निगेटिव्ह हा शब्द. बस्स. विठ्ठलरावांनी तो वाचला. पुन्हा वाचला. आणि मग, एकतीस वर्षांच्या सवयीनं, उलटून मागची बाजू पाहिली.

"काय शोधताय, अप्पा?"

"काही नाही."

"तीनशे सतरा नंबर माझाच कशावरून, हेच ना?"

ते नाही म्हणाले. पण म्हणायला उशीर झाला होता. फार नाही, एक श्वासभर. तेवढा तिला पुरला.

सोमवारी ती हुबळीला जाऊन एका खाजगी लॅबमध्ये रक्त देऊन आली. गुरुवारी कागद बापाच्या हातात ठेवला. त्यावर तिचं नाव होतं, बापाचं नाव होतं, वय, पत्ता, डॉक्टरची सही, गोल शिक्का. काही दोष नव्हता.

"केशवापूरसाठी नाही आणला," ती म्हणाली. "ते मला नकोतच. तुमच्यासाठी आणलाय."

विठ्ठलरावांना ऐकू आलं नाही. त्यांनी कोट चढवला, कागद छातीशी धरला आणि मुकुंदरावांच्या घरापर्यंत धावतच गेले. लोक सांगतात, वाटेत चपलेचा अंगठा तुटला तरी थांबले नाहीत. एवढं तरी खरं मानायला हरकत नाही.

मुकुंदरावांनी कागद उजेडात धरला. चित्रकलेचे मास्तर ते, शिक्क्याची गोलाई न्याहाळून पाहिली. "सुरेख आहे," ते म्हणाले. "पण विठ्ठलराव, राग नका मानू. नकलेच्या खात्यातला माणूस तुम्ही. असा कागद करणं तुम्हाला काय अवघड, असं तिकडं म्हणतील."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला म्हणू?" मुकुंदराव म्हणाले आणि कागदाची घडी घालून परत दिली. म्हणायला त्यांनाही श्वासभर उशीर झाला होता.

विठ्ठलराव परतले तेव्हा संध्याकाळची दिवेलागण व्हायची होती. वेदश्रीच्या खोलीतली ट्रंक जागेवर नव्हती. दोरीवर तिचे कपडे नव्हते. गोदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, परकर-पोलक्यातल्या पोरीला निजवून उठावं तशा दमलेल्या.

"वेदा कुठाय?"

"गेली. रायापूरला खोली घेतलीय, शाळेतल्या एका बाईंबरोबर."

"रायापूरला कुठं? कुणाच्या घरात?"

गोदूबाईंनी पदर सावरला.

"अगं, पत्ता विचारलास की नाही?"

"विचारला."

"मग सांग की!"

"शपथ घालून गेलीय," गोदूबाई म्हणाल्या. "तुम्हाला तेवढा सांगायचा नाही."

विठ्ठलराव उंबऱ्यावर बसले. नाव, वय, शिक्का असलेला कागद त्यांच्या हातातच होता. पत्त्याच्या जागी त्यांच्याच घराचा पत्ता होता.