चौथी ‘ब’मधले अप्पासाहेब

रूपश्रीची नोकरी कायम व्हायची होती, आणि तो निकाल आता वर्गात फळ्याच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या हाती होता. बसवनगुडीतल्या त्या शाळेत यंदा हे नवं खूळ शिरलं होतं. कॅमेरा पोरांचे चेहरे टिपायचा, कोण किती लक्ष देतंय ते मोजायचा आणि सगळं ॲपवर टाकायचा. वर्गाचा आकडा घसरला की बाईंची गच्छंती.

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याला चौथी ‘ब’मध्ये एक अनोळखी चेहरा सापडला. मागच्या भिंतीवरच्या तसबिरीतले अप्पासाहेब, शाळेचे संस्थापक. त्यांना जाऊन कैक वर्षं झाली होती. पण ‘हे कोण?’ असं ॲपने विचारल्यावर संस्थापकांचा रकाना कोरा कसा ठेवायचा? रूपश्रीने आदराने नाव भरलं. पालकाचा नंबर मागितला, तिथे त्यांच्या चिरंजिवांचा, म्हणजे शाळेचे अध्यक्ष व्यंकोजीरावांचा टाकला. भिडस्त स्वभाव नडतो तो असा!

अप्पासाहेब आदर्श विद्यार्थी निघाले. चुळबुळ नाही, खिडकीबाहेर बघणं नाही. जयंतीला हार तोंडावर आला तेवढी एकच गैरहजेरी. बाकीची पोरं डबे हुंगत असताना ह्यांचं लक्ष शंभर टक्के. वर्गाच्या आकड्याला त्यांचा तेवढाच टेकू होता.

फक्त ते गृहपाठ करत नव्हते.

ॲपने पुन्हा पुन्हा तंबी दिली. अप्पासाहेब ढिम्म. शेवटी मुख्याध्यापिका कौशल्याबाईंनी ॲपच्या कंपनीला कळवलं. कोरमंगल्याच्या कचेरीतून उत्तर आलं, की नाव काढायचं तर शाळा सोडल्याचं कारण निवडा. यादीत बदली होती, परदेश होता, चौथीच्या पोरांसाठी लग्नसुद्धा होतं. मरण तेवढं नव्हतं. योग्य कारण शोधेस्तोवर ॲपने परस्पर पालकांना बोलावणं धाडलं.

शनिवारी व्यंकोजीराव आले. सत्तरी उलटलेला अवाढव्य माणूस, पालक म्हणून चौथीच्या बाकात गुडघे छातीशी घेऊन बसला. कायम होणं राहिलं बाजूला, आज आपल्याला हे घरीच बसवणार, असं रूपश्रीला वाटलं.

“हं, बोला मिस. आमच्या वडिलांची काय तक्रार?”

“सर, गृहपाठ... एकदाही केला नाही.”

“अस्सं!” व्यंकोजीरावांच्या तोंडावर एकदम तेज चढलं. “आणि गणित?”

“स्वल्प कच्चं आहे, सर.” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

“स्वल्पच?”

“नाही, पुष्कळच. एकही उत्तर नाही.”

म्हातारा खुदकन हसला. “आणि मला पंचाण्णव पडले तर म्हणायचे, पाच कुठे सांडले?” त्याने मान वळवून तसबिरीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “वर्गात लक्ष तरी देतात?”

हे मात्र तिला छातीठोकपणे सांगता आलं. “शंभर टक्के, सर. चाळीस पोरांवरून नजर हलत नाही त्यांची.”

व्यंकोजीरावांचं हसू मावळलं.

“चाळीस पोरं,” ते म्हणाले. “घरात तर मी एकटाच होतो हो, मिस.”

रूपश्रीला त्यांची इतकी कणव आली, की ती आपली नोकरी विसरूनच गेली. “सर, स्वल्प तिकडे सरका,” ती म्हणाली. “आणि मागे तोंड करून बसा. हां, तिथून ते नेमके तुमच्याकडेच बघतात.”

ते सरकले. फिरून बसले. शर्टाची कॉलर सारखी केली. बाहेर पोरांचा कालवा चालला होता, आणि अध्यक्ष बापासमोर हाताची घडी घालून बसले होते.

“तुमची कायम केल्याची ऑर्डर सोमवारी काढतो,” शेवटी ते म्हणाले. “पण एक करा. ह्यांना पास करू नका.”

“सर?”

“पास झाले की मला कोण बोलावणार? दर महिन्याला ठेवा ही भेट. सरी? चालेल ना?”

“सरी, सर,” रूपश्री म्हणाली, आणि त्यांना बाकातून उठायला तिने हात दिला.