चौतीस म्हणजे चौतीस न्हाई

आरोहीच्या लग्नाचा ब्लाउज मी मोनालीच्या अंगावर बेतला, ही चूक माझीच. पण सुचवलं सारजाबाईंनी, आरोहीच्या आईनं. पोरीला हिंजवडीच्या कंपनीतून रजा मिळेना, ती येणार थेट हळदीच्या दिवशी. मोनाली त्यांच्या शेतावर रोजानं येते, वर कातकरवाडीत राहते. आरोहीचे जुने ड्रेस तिलाच देतात.

"तिला अगदी बसत्यात बघ," सारजाबाई म्हणाल्या. "तिलाच उभी कर अन् माप घे."

आरोहीनं मोबाईलवर आकडे धाडले होतेच. छाती चौतीस, कंबर एकोणतीस. मोनालीला टेप लावला तर तेच. मी शहाणी, आमच्या रिहे गावात पंधरा वर्षं शिलाई मशीन चालवतेय, तरी भुलले. दोनदा बोलावून ब्लाउज तिच्या अंगावर घालून बघितला. एक सुरकुती नव्हती.

हळदीच्या सकाळी आरोहीनं तो घालून बघितला. पुढची हुकं लागेनात आणि पाठीवर कापडाची पिशवी झाली. भरल्या खोलीत सारजाबाईंनी मोनालीकडं बोट केलं. ती बिचारी परात घेऊन दारात उभी.

"हिनं घालून घालून ताणला. उद्या लग्नात पाय ठेवू नको."

"मी दोनदाच घातला," मोनाली म्हणाली. "ते बी ह्या शिवणाऱ्या ताईनं सांगितलं म्हणून."

माझं डोकं फिरलं. गळ्यातला टेप काढला अन् दोघींना शेजारी उभं केलं. यावेळी गोल माप घेतलंच नाही. बगलेपासून बगलेपर्यंत आधी पाठ मोजली, मग पुढून. मोनालीची पाठ साडेसतरा, पुढून साडेसोळा. आरोहीची पाठ साडेपंधरा, पुढून साडेअठरा.

"बेरीज करा," मी म्हणाले. "दोन्हीकडं चौतीसच. हिचं हाड जन्माचं रुंद, त्यात आठव्या वर्षापासून डोक्यावर मोळी. पाठ भरली, खांदे सरळ झाले. तुमच्या पोरीचं हाड बारीक, दिवसभर कॉम्प्युटरपुढं वाकून खांदे पुढं आलेत. टेप नुसता घेर सांगतो, मांस कुठं हाय ते सांगत न्हाई. ड्रेस ढगळ, म्हणून त्यात कळलं न्हाई. ब्लाउज चिकटून बसतो, तो कसा लपवील?"

"आई, बरोबर बोलतीय ती," आरोही म्हणाली. "हिचा काय दोष?"

"तू गप. मोलकरणीशी तुझी बरोबरी लावतीय ही."

"बरोबरी तुमीच लावली," मी म्हणाले. "सोय होती तवा दोघी एक मापाच्या. आता न्हाईत व्हय?"

ब्लाउजचं कापड शालूतूनच काढलेलं, जादा तुकडा नाही. बाह्या आखूड करून बगलेत जोड द्यायचा, एवढाच मार्ग. चार तासांचं काम.

"शिवते," मी म्हणाले. "पण मोनाली उद्या लग्नात येणार, अन् पंगतीत बसून जेवणार. तसं न्हाई तर मी सुईला हात लावणार न्हाई."

सारजाबाईंनी पोरीच्या न लागलेल्या हुकांकडं बघितलं, मग भिंतीकडं. "येऊ दे. मी कुटं न्हाई म्हणतीय."

मला वाटलं, जिंकले. मोनालीनं परात खाली ठेवली, पदर खोचला.

"मी न्हाई येणार, ताई. ताणला म्हणल्या न्हवं, मग ऱ्हाऊ दे."

"अगं, आता म्हणतायत ना ये म्हणून?"

"तुमच्यासाठी म्हणत्यात. ब्लाउजसाठी."

ती वाडीच्या वाटेनं चालू लागली, मागं न बघता. तिच्यासाठी भांडले, पण तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. आधी मापाला उभी केली, आता अटीत धरली. पण शिवते म्हणून शब्द दिला होता, तो मोडता येईना. चरफडत मशीनवर बसले आणि आरोहीसाठी बगलेची शिवण उसवायला घेतली.