मीराबाईंच्या पोटातला चरबीचा थेंब

मी मीराबाईंच्या पोटातल्या चरबीचा एक थेंब बोलतोय. नाक मुरडू नका. जिमच्या पाट्यांवर आमची बदनामी करणाऱ्यांनीही तापाचे चार दिवस आमच्याच जिवावर काढलेले असतात.

जवसाच्या चटणीतून, शेंगदाण्यांतून, उमरेडच्या लग्नात पुरणपोळीवर वाढलेल्या तुपातून मी साठत गेलो. आतड्यांवर जो चरबीचा पडदा असतो, त्यातली एक पेशी माझं घर. अडीनडीला उपयोगी पडायचं, तोवर गप्प बसायचं, एवढंच काम.

मग अंडाशयातल्या गाठीची एक पेशी येऊन आम्हाला चिकटली. शी! असं ओंगळ खाणं मी कधी पाहिलं नव्हतं. ती स्वतःही चरबी बनवते, त्यावर भागलं नाही की माझ्या घरातून ओढून घेते. तिची पिल्लंही त्याच चोरीवर वाढतात. पोट भरलं असं तिला वाटतच नाही. मला तिची किळस येते.

तितकाच राग मला सुशीलचा आला. सुशील मीराबाईंचा मुलगा. उपचारासाठी त्या नागपुरात त्याच्याकडेच राहतात. कर्करोग चरबीवर जगतो, असं त्यानं मोबाइलवर ऐकलं. झालं! घरातलं तेल-तूप बंद. रविवारी गोळाभात झाला, तोही कोरडा. वरून हिंगाच्या गरम तेलाची धारच नाही.

“काहून गा, तेल नाई टाकलं?” मीराबाईंनी विचारलं.

“गाठीले उपाशी मारून राहिलो, आई.”

“मलेच मारून राहिला तू,” म्हणत त्यांनी ताट सरकवलं.

मीराबाई वाळत गेल्या. डॉक्टर नंदिनींनी वजन पाहिलं आणि पुढची केमो थांबवली. इतक्या अशक्त शरीराला ती झेपणार नव्हती.

सुशीलनं मोबाइल पुढे केला. डॉक्टर म्हणाल्या, “हे अर्धंच खरं आहे. गाठीला चरबी लागते. ती बनवणं, ओढणं थांबवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे. पण ताट कोरडं करणं म्हणजे औषध नाही. गाठ चरबी आईच्या अंगातून काढून घेते. उपाशी राहते ती आई.”

“म्हणजे गाठीले मी आईच खाऊ घातली का, मॅडम?”

“आता आईले घाला,” त्या हळूच म्हणाल्या.

त्या रात्रीपासून भातावर तेल पडू लागलं. मीराबाई थोडं थोडं जेवू लागल्या.

मी आता अर्धाच उरलोय. ती हावरट अजून शेजारी चिकटून आहे. संशोधकांनो, तिचं तोंड बंद करा लवकर. मला वाचवा असं मी म्हणत नाही. खर्च होण्यासाठीच माझा जन्म. उद्या पुन्हा वजन आहे, आणि मीराबाई दवाखान्याचा जिना स्वतः चढणार म्हणतात. त्या पायऱ्यांवर मला खुशाल जाळा. फक्त तिच्या घशात जाऊ देऊ नका.