उजवीकडे देवमासा

"आधी काचेवर थुंका," असं ताई सगळ्यांना सांगायची.

देवमासे बघायला आणि प्रवाळावर पोहायला आलेली माणसं आधी हसायची, मग इकडेतिकडे बघायची आणि शेवटी गुपचूप थुंकायची. थुंकी चोळून विसळली की मास्कच्या काचेवर वाफ धरत नाही. पण ताईला त्यातून आणखी एक गोष्ट कळायची. कोण सांगितलेलं ऐकतो आणि कोण नाही, हे तिला तिथंच समजायचं.

धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं राज्य होतं. एका भिंतीला लहानमोठे मास्क, दुसरीला श्वासाच्या नळ्या, खाली पायात घालायचे रबरी पंखे, आणि दोरीवर एका रांगेत लाइफ जॅकेटं. चांगलं पोहणाऱ्यांना पिवळं, कच्च्यांना लाल. मागच्या अंगणात सिमेंटची टाकी होती, छातीएवढ्या पाण्याची. सफरीच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं त्या टाकीत अर्धा तास तोंड बुडवून श्वास घ्यायला शिकायचं, हा ताईचा नियम. बाकीच्या बोटींवर असलं काही नव्हतं. तिथं भर समुद्रात हातात मास्क द्यायचे आणि 'मारा उडी' म्हणायचे.

बोट तिच्या धाकट्या भावाची. तो सहा फुटी, दाढीवाला, सगळा धक्का त्याला कप्तान म्हणायचा. ताईसाठी मात्र तो चिमण्याच होता. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ती चौदाची. तिनं त्याला भरवलं, शाळेत घातलं, कप्तानाच्या परीक्षेला बसवलं. स्वतःचं लग्न या सगळ्यात कुठेतरी राहून गेलं. चिमण्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तरी ताई त्याच घरात राहिली आणि त्याचीच शेड सांभाळत राहिली.

त्या आठवड्यात आठ जणांचा गट आला. त्यात एक म्हातारं जोडपं होतं. गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान नुकतंच बंद केलं होतं. किडकिडीत अंग, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशात एक छोटी वही. देवमाशांबद्दल वाचलेलं सगळं त्यांनी त्या वहीत उतरवून आणलं होतं.

"देवमाशाचं हृदय मिनिटाला किती वेळा धडधडतं, माहीत आहे?" त्यांनी ताईला विचारलं.

"मी कधी नाडी बघितली नाही हो त्याची," ताई म्हणाली, आणि टाकीतली सगळी माणसं खळखळून हसली. घड्याळजीसुद्धा.

पण पाण्यात तोंड घातल्यावर त्यांचं हसणं टिकलं नाही. चार श्वास झाले की ते डोकं वर काढत आणि टाकीचा काठ धरून धापा टाकत. तिसऱ्या वेळी ताईला त्यांच्या ओठांचा रंग दिसला. निळी शाई लागल्यासारखे ओठ. पाणी काही इतकं गार नव्हतं.

तिनं त्यांना बाहेर काढलं, टॉवेल दिला आणि सुकत घातलेले रबरी सूट उलटे करायला दोरीकडे गेली. त्यांची बायको तिच्या मागोमाग आली. ती बुटकी, गोरी बाई आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

"तुम्ही त्यांना नको म्हणा ना," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मोठा झटका येऊन गेलाय. डॉक्टर म्हणतात, जिनासुद्धा दमानं चढा. तुमच्या फॉर्मवर आजारांपुढे त्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलंय. माझं ते ऐकत नाहीत."

"मग मी मुलाला फोन करू का तुमच्या?"

"नको, नको! मुलाला हा बेतच माहीत नाही. आणि मी सांगितलं असं म्हणू नका हं. मला बोलून बोलून जीव नकोसा करतील."

ताईनं तिला तसा शब्द दिला आणि ती घड्याळजींशी बोलायला गेली. "काका, तुम्ही उद्या बोटीतूनच बघा. देवमासा वरूनच चांगला दिसतो. पाण्यात उतरायची काही गरज नाही."

ते टॉवेलनं कान पुसत होते. थांबले. "हिनं काही सांगितलं का तुम्हाला?"

"नाही. मला दिसतंय ना, तुम्हाला दम लागतोय."

"मला पोहता येत नाही, म्हणून लागतोय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, जणू काही मागितल्यासारखं बोलले, "ताई, चाळीस वर्षं मी डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याएवढी चाकं बघितली. मान वर केली की समोर भिंत. एकदा काहीतरी मोठं बघू द्या हो मला. पाण्यात, त्याच्या घरात जाऊन."

घरी गेल्यावर तिनं चिमण्याला सांगितलं.

"फॉर्मवर काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"नाही असंच लिहिलंय. पण चिमण्या, त्यांचे ओठ निळे पडले होते. मला काही हे बरं दिसत नाही."

"ताई, तुला सगळ्यांचंच काहीतरी दिसत असतं. मागच्या महिन्यात त्या जाड्या बाईला तू असंच घाबरवलंस, आणि ती मजेत पोहून आली. लाल जॅकेट दे, बोटीच्या दोरीजवळ ठेव. तू वर उभी असतेसच की."

खरंच होतं ते. माणसं पाण्यात असताना ताई डेकवर उभी राहायची. त्या वेळी तिनं ना कुणाशी बोलायचं, ना चहा प्यायचा. नुसतं पाण्याकडे बघायचं. अकरा वर्षांत तिच्या नजरेतून एकही डोकं सुटलं नव्हतं. बायकोनं सांगितलेलं तिनं चिमण्याला सांगितलं नाही. शब्द दिला होता म्हणून, असं तिनं त्या वेळी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र तव्यासारखा सपाट होता. चार तास फिरून शेपटीचं टोकही दिसलं नाही. डिझेलच्या वासानं निम्म्या लोकांना बोट लागली. पिशव्या तोंडाला धरून ती कठड्याला टेकून बसली. घड्याळजींना मात्र काही झालं नाही. ते पुढे उभे राहून वहीत वेळा टिपत होते. शेवटी चिमण्यानं एका ओसाड बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. डाव्या बाजूला प्रवाळ होतं. सात जण उतरले. घड्याळजी सगळ्यांच्या शेवटी, लाल जॅकेटात, दोरीला धरून. बायको वरच बसली. तिला पाण्याची भीती होती.

ठीक असलं की मूठ डोक्यावर ठेवायची, ही खूण ताईनं शिकवली होती. घड्याळजींनी दोनदा मूठ डोक्यावर ठेवली. दुसऱ्यांदा ते मास्कच्या आत हसतही होते.

तेवढ्यात वरून चिमण्या ओरडला, "उजवीकडे! देवमासा उजवीकडे!"

पाण्याचा फवारा उडाल्याचा आवाज आला. घड्याळजींच्या बायकोनं फोन काढला आणि ताईचा दंड धरला. "चला ना, चला! यांना दाखवायला फोटो काढू या. मला ते कसं घ्यायचं, समजत नाही."

ताई गेली. ती का गेली, याचं उत्तर तिला नंतर कधीच देता आलं नाही. शेकडो देवमासे पाहिले होते तिनं. पण हा अगदी जवळ होता, मध्ये दोन बोटी मावतील एवढ्याच अंतरावर, आणि त्याच्या कुशीला राखाडी रंगाचं पिल्लू होतं. आई पाण्याखाली गेली की पिल्लू घाबरल्यासारखं उलटंपालटं व्हायचं. मग आई खालून येऊन त्याला पाठीवर उचलायची. ताईनं बाईच्या हातातला फोन सरळ धरून दिला आणि तिथंच उभी राहिली.

वळली तेव्हा सहा जण डोकी वर काढून "कुठे? कुठे?" म्हणून ओरडत होते. सातवा शांत होता. तोंड पाण्यात, हात पसरलेले, लाल पाठ वर. प्रवाळ बघणारा माणूस असाच दिसतो. त्यामुळे तिनं आणखी एक क्षण वाट पाहिली. मग तिला दिसलं की पायातले पंखे हलत नाहीत, आणि नळीचं तोंड पाण्यात बुडालंय.

तिनं कपड्यांसकट उडी मारली. तिनं आणि चिमण्यानं मिळून त्यांना वर घेतलं. धक्का येईपर्यंत ती त्यांची छाती दाबत राहिली, तिच्या गुडघ्यांची सालटी निघाली. बायको बाजूला उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "अहो, बघा ना, मी काढलाय फोटो." धक्क्यावर डॉक्टर वाट बघत होते. त्यांनी दोन मिनिटं तपासलं आणि ताईचे हात थांबवले.

चौकशी आठ दिवसांनी होती. आदल्या दिवशी दुपारी चिमण्या स्वयंपाकघरात आला आणि दाराशी उभा राहिला.

"ताई, एवढंच म्हण. फॉर्मवर नाही होतं, आणि आम्हाला काही माहीत नव्हतं. खोटं बोल म्हणत नाही मी. कमी बोल."

"मी तुला सांगितलं होतं, चिमण्या."

"तू मला ओठ सांगितलेस! ओठांवरून का कुणाला बोटीतून उतरवतात?" तो ओरडला, आणि मग एकदम खाली बसला. "तू सांगितलंस, असं तू तिथं बोललीस की माझं लायसन्स गेलं. मला दुसरं काय येतं?"

ताईनं त्याच्या केसांवर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही.

चौकशीच्या कचेरीत बाकावर घड्याळजींची बायको बसली होती. शेजारी तिचा मुलगा होता. तो पाणी आणायला गेला तशी ती ताईजवळ सरकली.

"मी तुम्हाला त्यांच्या झटक्याचं सांगितलं होतं, हे बोलू नका," ती कुजबुजली. "फॉर्मवर खोटं लिहिलंय हे माहीत असून मी त्यांना जाऊ दिलं, असं त्याला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. मला आता तोच आहे."

अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी मुलाकडून घेतलेला व्हिडिओ लावला. फोटो काढायला गेलेल्या बाईनं चुकून व्हिडिओ घेतला होता. पडद्यावर देवमासा वर आला, पिल्लू उलटलं, आणि खोलीत ताईचाच आवाज घुमला, लहान मुलीसारखा, "अगं बाई! पिल्लू आहे, पिल्लू!" त्यापाठोपाठ तिचं हसू. व्हिडिओ तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. ताई घरी सगळ्यांना सांगत आली होती, पाण्यावरची नजर अर्धं मिनिटच हटली. आणि तिला खरंच तेवढंच वाटलं होतं.

"मृत व्यक्तीच्या तब्येतीबद्दल तुम्हाला काही कल्पना होती का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होती."

मागे खुर्ची करकरली. तो चिमण्या होता, हे तिला न बघताही कळलं.

"कशावरून?"

"टाकीत त्यांचे ओठ निळे झाले होते. दम टिकत नव्हता. मी डोळ्यांनी बघितलं."

"ते तुम्ही कोणाला सांगितलं?"

ताई टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "कप्तानाला."

"आणि तुम्हाला त्यांच्याबद्दल आणखी कोणी काही सांगितलं होतं?"

"नाही," ताई म्हणाली. "कुणीच नाही."

बाकावरच्या बाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती रडू लागली. मुलानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताईकडे असं बघितलं की ताईला मान खाली घालावी लागली.

चिमण्याचं लायसन्स गेलं. बोट दुसऱ्यानं नेली आणि शेड रिकामी झाली. ताईला इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी वाळवायचं काम मिळालं. चिमण्या दूरच्या बंदरात गाळ उपसणाऱ्या जहाजावर लागला आणि दीड-दोन महिन्यांनी चार दिवस घरी येऊ लागला. घरात भांडण झालं नाही. तो ताईशी बोलायचाच थांबला. मध्ये आठ वर्षांची मुलगी होती, तिच्यातर्फे निरोप जायचे.

"आत्याला म्हण, खिडकी लाव."

"आत्याला विचार, डॉक्टरकडे जाऊन आली का."

ताई हाताच्या अंतरावर बसलेली असायची.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा तो घरी आला होता. सगळे जेवायला बसले होते. खाली मान घालून तो मुलीला म्हणाला, "आत्याला सांग, तुला पोहायला शिकवायचंय. शिकवलं तर तिनंच शिकवावं. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी तुला पाण्यात सोडणार नाही."

मुलीचा चेहरा फुलला. ती आत्याकडे वळली. ताईचा घास हातातच राहिला. तिला वाटलं, आता हो म्हणावं. एवढं तो कधी बोलला नव्हता वर्षभरात.

"बाबांना सांग," ती म्हणाली, "आत्या आता पाण्याजवळ जात नाही."

चिमण्यानं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग तो ताटावरून उठला आणि हात धुवायला मागच्या दारी गेला. बराच वेळ नळ वाहत राहिला.

"आत्या," मुलगी हळूच म्हणाली, "आता मी बाबांना काय सांगू?"

"काही नको सांगूस," ताई म्हणाली. "तू जेव."