कुणालच्या डोक्यावरची शपथ

आमच्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, हट्टाला पेटल्या की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नाहीत. छातीत गाठ लागली, ती त्यांनी दिवाळीपासून लपवली. कळल्यावर मी डोकं आपटून घेतलं, पण तपासणीचं नाव काढलं की त्यांचं एकच. "सुई न्हाय लावायची. हिरामणचे आयशीला सुई लावली आन गाठ पसरली." शेजारच्या हिरामणची आई दवाखान्यात पोचली तेव्हाच उशीर झाला होता. पण हे आमच्या कशेळी गावात कोण कुणाला समजावणार?

नारपोलीच्या एका सेंटरमध्ये नवं मशीन आलंय, सोनोग्राफी करतानाच गाठ मऊ की कडक ते दाखवतं, असं कळलं. मी म्हटलं, आक्का, यात सुई नाही. त्यांनी माझा हात ओढून माझ्याच पोराच्या, कुणालच्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. सुई लावू देनार न्हाय." मी घेतली. आक्का रिक्षात बसल्या, मला तेवढंच हवं होतं.

तिथल्या डॉक्टर नीरजांनी जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब गाठीवर हलकेच दाबला. पडद्यावर रंग उमटले. आजूबाजूचा भाग दबत होता, गाठ काही दबेना.

"कडक आहे," त्या म्हणाल्या. "मऊ निघाली असती तर कदाचित सुई वाचली असती. आता सुईनं तुकडा काढून तपासायलाच हवा. आजच करू. लवकर कळलं तर उपचार आहेत."

आक्का ब्लाउजचे हुक लावू लागल्या.

"आक्का, पाया पडते तुमच्या. शपथ सुटली म्हणा. तुम्ही म्हटलंत की सुटेल."

"न्हाय म्हननार. नातवाचे डोक्यावरची हाय ती. माजा जीव गेला तरी चालंल. पोराला काय झाला तं?"

मी रडले, ओरडले. बाहेर बसलेल्या सासऱ्यांना, म्हणजे भाऊंना, आत बोलावलं. ते भिंतीकडे बघत उभे राहिले. शेवटी डॉक्टरच आक्कांशेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिल्या. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"शपथ सुनेनी घेतली हाय. तिनी हो बोलली तं लावा सुई."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बी.एस्सी. झालेली, असल्या शपथाबिपथा न मानणारी. फक्त हो म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे कुणालचं तेल चोपडलेलं इवलंसं डोकं आलं, आणि माझं तोंडच उघडेना.