आधी शेजाऱ्यांचे गुन्हे

"आमोस? आत्ता? लॉकडाऊनमध्ये आमोस?" संजीवभाऊ वासंतीच्या अगदी कानात कुरकुरले. "लोकांना आधीच झोप नाही, त्यात या बाई नाश ऐकवणार. बायबलातलं आशेचं काही घ्यायला काय होतं?"

"अहो, माईक," त्यांची बायको लता दबक्या आवाजात म्हणाली.

"म्यूट आहे गं मी."

म्यूट नव्हते. वासंतीने इअरफोन जागचा हलवला नाही. तोंडावर सगळे गोडच बोलतात. पाठीमागचं असं आयतं कानात पडतंय तर पडू द्यावं. तिने चहाचा घोट घेतला आणि पडद्यावरच्या चौकटीतलं भाऊंचं तोंड पुन्हा हसरं होईपर्यंत वाट पाहिली.

"हां, तर वासंतीताई," ते मोठ्याने म्हणाले, "आमोस छानच. फक्त एक सुचवू? शेवटचा अध्याय घ्या. द्राक्षमळे, बागा, आशा. न्यायाचं आपलं जरा थोडक्यात."

"शेवटच्या अध्यायापर्यंतच जायचंय मला," वासंती म्हणाली. "पण वाटेत आठ अध्याय आहेत, भाऊ. या गुडघ्यांनी उडी कशी मारू?"

लता हसली. भाऊही हसले, पण रविवारच्या कार्यक्रमात त्यांनी संदेशाची वेळ कमी करून टाकली. मंडळीचे सेक्रेटरी होते, तेवढा अधिकार त्यांना होता.

त्यांच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना एरवी रविवारी दुपारी पॅरामॅटाच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची. एकवीस सालच्या हिवाळ्यात सिडनीला टाळं लागलं आणि मंडळी झूमवर आली. उपासना चालवणारे पाळकसाहेब बहिणीच्या मातीला म्हणून नगरला गेले, ते विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. मग संदेश द्यायची पाळी एकेकाकडे येऊ लागली. वासंतीने धर्मशास्त्राच्या कॉलेजची पायरीसुद्धा चढली नव्हती. ती एका कंपनीची पगारपत्रकं बघायची, हल्ली हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. पण शास्त्र तिने स्वतःचं स्वतः वाचलं होतं, भांडत भांडत वाचलं होतं, आणि जे भांडून मिळवलं ते सांगायला तिला कोणाची परवानगी लागत नसे.

आमोस निवडायला कारण होतं. कारणाचं नाव नीलिमा.

नीलिमा जालन्याची. इथे शिकायला आलेली, आणि शिकता शिकता एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालणारी, भरवणारी. संजीवभाऊंच्या वेंटवर्थव्हिलच्या घरामागे ग्रॅनी फ्लॅट होता: एक खोली, हातभर ओटा, स्वतंत्र दार. तिथे ती राहायची. मग टीव्हीवर कुठल्यातरी नर्सिंग होममधल्या कोविडच्या केसेस दाखवल्या. तिच्या नव्हे, भलत्याच. त्याच आठवड्यात मंडळीच्या ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला: 'नीलिमा शिफ्ट झाली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करू या.' खाली सगळ्यांनी जोडलेले हात टाकले. कुठे शिफ्ट झाली, एकानेही विचारलं नाही.

शिफ्ट हा मोठा सोयीचा शब्द. त्याला करणारा लागत नाही. कपडे आपणहून बॅगेत जातात, बॅग आपणहून गेटबाहेर जाऊन उभी राहते. पोरगी कामावरची शिफ्ट संपवून आली, तोवर तिचं सामान शिफ्ट झालेलं होतं. हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं, कारण संजीवभाऊ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. या देशात उतरलेल्या प्रत्येकाला विमानतळावर घ्यायला हाच माणूस गेला होता. प्रत्येकाने इथली पहिली खिचडी याच्या घरी खाल्ली होती, पहिली रजई याच्या कपाटातून नेली होती. त्याला कोण काय बोलणार?

वासंतीही बोलली नव्हती. तिच्या नवऱ्याचं, अजितचं मूत्रपिंड बदललेलं, त्याच्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद मवाळ करून ठेवलेली. डॉक्टरांनी दाराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. फ्लॅटला बेडरूम एकच. आपल्याच्याने तिला घरी आणवत नाही, मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, असं म्हणत तिने दोन रविवार ढकलले. तिसऱ्या आठवड्यात तिने फोन लावला.

"कुठे आहेस गं बये?"

"स्टोअररूममध्ये, मावशी. कामावरच्याच." नीलिमाच्या आवाजात हसू होतं, पण दमलेलं. "म्हाताऱ्यांचे वॉकर ओळीने लावलेत ना, त्यातलाच एक समजा मला. मॅनेजर बाई चांगली आहे, गुपचूप झोपू देते. सोमवारपासून मात्र इथे लस द्यायचं टेबल लागणार. मग बघू."

"बघू म्हणजे काय?"

"खोल्या बघते ना. सगळे गोड बोलतात. कुठे काम करतेस विचारतात, मी सांगते, की लगेच 'नो वरीज, वुई विल लेट यू नो.' अजून कोणीच लेट मी नो केलेलं नाही."

"मी भाऊंशी बोलते."

"अजिबात नको." हसू गेलं. "माझं नाव घ्यायचं नाही. लोक म्हणतील, खोली हवी म्हणून देवाला मध्ये घातलं. वचन द्या मावशी."

वासंतीने वचन दिलं. आणि लगेच तिला त्याचा राग आला. "बरं, आमोसचं नाव घेतलं तर चालेल ना?"

"हा कोण? कोणाचा भाडेकरू?"

"तोही बाहेरचाच. रविवारी ये, ओळख करून देते."

त्या दुपारी ती टेबलापाशी देवाने आमोसला दाखवलेल्या ओळंब्याचं वाचत बसली असताना अजित औषधाचा डबा घेऊन समोर येऊन बसला. पुण्यात असताना तो बांधकामावर सुपरवायझर होता. तिने विचारलं, "अहो, ओळंबा लावल्यावर भिंत वाकडी निघाली तर काय करायचात?"

"ओली असली तर सरळ करायची. सुकली की पाडावी लागते."

"मग ओळंबा म्हणजे शिक्षाच म्हणायची."

"छे! तो कशाला शिक्षा करतोय? दोरीला लटकून गप उभा असतो बिचारा. वाकडेपण भिंतीचं." त्याने गोळी गिळली. मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझ्यापायी तू तिला आणत नाहीयेस. कळतं मला."

"तुमचं ते मूत्रपिंड आणलंय कुठून कुठून, आणि जपलंय मी," वासंती म्हणाली. "ते काय एका संदेशासाठी घालवू? तिच्यासाठी खोली आहे. रिकामी आहे. स्वतंत्र दाराची आहे. फक्त ती उघडायची कशी, तेवढं बघायचंय."

रविवारी पडद्यावर चौकटी भरू लागल्या. मंडळीच्या रीतीने सलाम, सलाम. गुंगालिनहून रामभाऊ कानटोपी घालून आले आणि नेहमीप्रमाणे "माझा आवाज येतोय का?" असं मोठ्याने विचारून मगच थांबले. संजीवभाऊंच्या चौकटीत सोफ्यावर तिघं होती: भाऊ, लता, आणि दोघांच्या मध्ये भाऊंची आई, सुलोचनाबाई, खांद्यावर शाल, कानात यंत्र, तोंड गंभीर. अगदी खाली एक काळी चौकट होती. तिच्यावर फक्त 'एन' असं अक्षर.

वासंतीने घसा साफ केला.

"आमोस कोण होता? तकोवाचा मेंढपाळ. उंबराच्या झाडांची राखण करायचा. तुम्ही सगळे स्किल्ड व्हिसावर आलात. त्याला त्यातलं काहीच मिळालं नसतं. स्वतःच सांगायचा, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. असा माणूस सरहद्द ओलांडून उत्तरेच्या राज्यात गेला आणि बेथेलच्या भरल्या देवळात उभा राहिला. परक्याचं ऐकणार कोण? पण डोकं होतं त्याला. त्याने आधी शेजाऱ्यांचे गुन्हे काढले. दिमिष्कवाले असे वागले, त्यांना सोडणार नाही. गज्जावाले तसे वागले, त्यांनाही नाही. सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश! म्हणाले असतील, माणूस खेड्यातला आहे, पण बोलतो कसा!

"तर आपणही शेजाऱ्यांपासून सुरू करू. समुद्राकाठच्या उपनगरांत लोक वाळूवर कॉफी पीत बसलेत, आणि आपल्या पश्चिमेकडे डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. हा न्याय झाला?"

पडद्यावर अंगठे उगवले.

"मागच्या वर्षी टॉयलेट रोलनी ट्रॉल्या भरभरून नेल्या, आणि एकटी म्हातारी माणसं रिकाम्या फळीकडे बघत परत गेली. हा न्याय?"

आणखी अंगठे. कोणीतरी बदाम टाकला.

"शिकायला आलेल्या पोरांच्या फिया चालल्या, मेहनत चालली. आणि संकट आल्यावर सरकारने टीव्हीवरून सांगितलं, जमत नसेल तर आपल्या घरी जा!"

"आमेन!" रामभाऊ ओरडले. "शंभर टक्के! हे कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं!" संजीवभाऊंनीही जोरात मान हलवली. अंगठा वर केला.

"आणि ते एजंट. खोली दाखवतात, आणि कुठे काम करता ते कळलं की खोली नाहीशी होते."

भाऊंचा अंगठा दुसऱ्यांदा वर येता येता अर्ध्यात थांबला.

"आमोस असा एकेक शेजारी घेत गेला," वासंती सावकाश म्हणाली. "घेरा लहान लहान होत आला. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही की मध्ये कोण उरलंय. मग तो त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, आता तुम्ही."

तिने चष्मा नीट केला.

"आता आपण, मंडळी."

अंगठे विझले. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि त्याने घाईने म्यूट केलं.

"वासंतीताई, वेळ जरा—" संजीवभाऊ म्हणाले.

"हो भाऊ. बेथेलच्या याजकानेही त्याला तेच सांगितलं. बाबा रे, आपल्या गावाला जा, तिथे भाकर खा, तिथे काय ते बोल."

कोणीतरी फिसकन हसलं. वासंती पुढे बोलतच राहिली. तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. तिने ओळंब्याचं सांगितलं, अजितच्याच शब्दांत: ओळंबा भिंतीला शिव्या देत नाही, फक्त गप उभा राहतो, आणि भिंत ओली आहे तोवर हात लावायला वेळ असतो. देव तुमच्या गाण्यांना कंटाळलाय म्हणे, ती म्हणाली. म्हणतो, पेटी मिटा आणि आधी तो न्यायाचा नळ सोडा, जो तुम्ही आवळून बंद करून ठेवलाय.

"आणि आता आशा. भाऊंना कबूल केलंय मी. अगदी शेवटी देव म्हणतो, पडलेली खोपटी मी पुन्हा उभी करीन. महाल म्हणत नाही, खोपटी म्हणतो. आशा म्हणजे वर ढगात कुठे ठेवलेली वस्तू नाही, मंडळी. तिला छप्पर लागतं. दार लागतं. आणि ते दार आतून उघडणारं कोणीतरी लागतं. मी नाव घेणार नाही कोणाचं, मी वचनात अडकले आहे. तुम्ही अडकलेले नाही. माझं संपलं."

रामभाऊंनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. अजित इस्त्रीच्या टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्याबाहेर बसला होता. त्याने हात लांब करून तिच्या मनगटावर ठेवला.

"तर," संजीवभाऊ शेवटी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "सुंदर संदेश झाला. आपण डोळे मिटून प्रार्थना करू या."

"थांब, संजू," सुलोचनाबाई म्हणाल्या. "डोळे मिटू नकोस."

"आई, सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. मला दिसतंय, माईक चालू आहे." त्यांनी मान वळवली. "लता, मागच्या खोलीची किल्ली आण."

लताने नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ गालिच्याकडे बघत होते. ती उठली, चौकटीतून बाहेर गेली, आणि कुठल्याशा खणात किल्ल्या वाजल्या. परत आली तेव्हा तिने किल्ली सासूच्या मांडीवर ठेवली आणि सोफ्यावर न बसता मागेच उभी राहिली.

"आई, अगं तुझ्यासाठीच केलं ना सगळं," भाऊ म्हणाले. आवाज खाली गेला होता. "तुझं वय काय! तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो? आणि तसं बघितलं तर... मी तिला फक्त सांगितलं. ती स्वतःहूनच गेली."

खालच्या काळ्या चौकटीतला माईक सुरू झाला. कुठूनतरी ट्रॉलीची चाकं खडखडली, एक बेल वाजली.

सुलोचनाबाई पुढे वाकल्या, इतक्या की पडद्यावर फक्त चष्मा आणि कपाळ उरलं.

"मला विचारलं होतंस?" त्या म्हणाल्या. "भीती तुला वाटली, आणि नाव माझं सांगितलंस. आणि मीही खिडकीतून बघत गप्प बसले. स्वतःहून नाही रे गेली पोरगी. आपण तिला घराबाहेर काढलं."